उताणं

सकाळी साडेसातला मी पहिलं पिल्लू उलटं करते.
काचेची कांडी, टोक वितळवून गोल केलेली,
पोटाखालून अलगद,
आणि मोजते: येदान, द्वा, त्री, चेतिरी, पेत.
मोजायला मला अजून आईचीच भाषा लागते.
पाचाच्या आत बेडूकमासा पालथा झाला तर जागा.
नाही झाला तर वहीत फुली.

अंग त्याचं काचेसारखं. उताण्या देहात
काळीज दिसतं, नेमानं हलणारं.
मेलेला नाही. वर कुठे, खाली कुठे,
हे तेवढं त्याच्यापुरतं पुसलं गेलंय.

डॉ. हॅल्व्हरसन फळ्यावर दार काढतात.
पेशीच्या भिंतीत पाच तुकड्यांचं कडं.
गॅबा आला की उघडतं, क्लोराइड आत झिरपतं
(मिठातलं अर्धं मीठ, बाकी काही नाही),
पेशी गप्प होते, दार मिटतं.
ऑपरेशनच्या टेबलावरचं ते दुधासारखं औषध
त्या दाराच्या एका सांदीत बसतं.
आमचं स्टेरॉइड दुसऱ्या.
कुलपाला ते हात लावत नाही,
चौकटीच्या तेलकट लाकडात शिरतं
आणि पाचर होतं.
दार मिटायला उशीर होतो. बस, एवढंच.
थोडा उशीर झाला तर जीव निवतो.
फार उशीर झाला तर भूल.

त्याचा आरशातला जुळाही आहे आमच्या फ्रिजमध्ये.
वजन तेच, वितळणं तेच, फक्त उजव्याचं डावं.
तेवढ्याच मात्रेत त्याच्या पाण्यात
पिल्लं दुपारपर्यंत पोहत राहतात.

हे सगळं मला पाठ होतं
त्या फेब्रुवारीत,
जेव्हा ग्रॅव्हॉय रस्त्यावरच्या घरात, बेकरीच्या वर,
माझी बहीण झुम्रेता उताणी पडून छत बघायची
आणि अकरा दिवसांचा वेदाद
पलीकडच्या खोलीत रडून रडून जांभळा व्हायचा.
नऊ महिने तिच्या वारेनं हेच तिच्या रक्तात सोडलं होतं.
वार पडली, आणि सगळ्या पाचरी
दोन रात्रींत निखळल्या.
असं एक म्हणणं आहे. हॅल्व्हरसन म्हणतात, अजून पुरतं कळलेलं नाही.
मी तिच्या उशाशी बसून मोजलं.
पाच झाले. पन्नास झाले.
वही घरी नव्हती, बरं झालं.

मग सेंट लुईच्या त्या दवाखान्यात साठ तासांची सलाइन.
बोटाला चिमटा, दाराशी नर्स,
कारण मात्रा जरा चढली तर शुद्धच जायची.
"झोपवतायत का तिला?" आईनं विचारलं.
नाही आई, एक दार जरा उघडं ठेवतायत.
आई कपातला कॉफीचा गाळ फिरवत राहिली.
म्हणाली, ब्याण्णवला प्रियेदोरमध्ये तू झालीस
तेव्हा दार म्हणून काही उरलंच नव्हतं आम्हाला.
पुढे बोलली नाही. मी विचारलं नाही.

एकेचाळिसाव्या तासाला झुम्रेतानं कूस बदलली.
औषधानं की आपसूक, सांगता येणार नाही,
एका माणसावर आलेख निघत नाही.
ती म्हणाली, या चादरीला ब्लीचचा वास येतोय.
आई इतकी रडली की नर्स धावत आली.

वेदाद परवा रविवारी पहिल्यांदा पालथा पडला,
सतरंजीवर, एक हात अंगाखाली अडकलेला.
सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.
मी मनात चेतिरीवर होते.

संध्याकाळी पिल्लं स्वच्छ पाण्यात सोडते.
एकेक जागं होतं, शेपूट झटकतं, नोंद होते.
त्यानंतर नियमाप्रमाणे
त्यांच्यासाठी शेवटची, मोठी मात्रा.
दार मिटतच नाही.
तेव्हा मी मोजत नाही.